दर दहा सेकंदांनी एक

कबुतराचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असतं.

आई पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला सांगते, "हसू नका. पण हसणार होतात, असं वाटू दे."

शाळा सव्वातीनला सुटते. मनोऱ्यावरच्या घड्याळात तेव्हा तीन वाजून अकरा मिनिटं झालेली असतात. शाळेचा शिपाई रोज वर बघतो आणि रोज मान हलवतो.

मेमरी कार्डाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा एक खटका असतो. वर सरकवला की कार्ड उघडं, खाली सरकवला की कुलूपबंद.

"आपण विचारलेली सोय या मॉडेलमध्ये उपलब्ध नाही. कळावे."

मी काम करताना तोंडात स्क्रूड्रायव्हर धरते. तसंच बोलतेही. आईच्या मते माझं लग्न न होण्याचं हे एकमेव कारण आहे.

.

सोमवारी सकाळी तो आला तो पासपोर्ट फोटोसाठी.

"कशाला हवाय?" आईने विचारलं. ती सगळ्यांना विचारते. नोकरीला असेल तर केस विंचरायला लावते, परदेशी जायला असेल तर दोन प्रती जास्त देते.

"बदलीच्या अर्जाला."

"मग हसू नका. पण हसणार होतात, असं..."

"नव्हतो," तो म्हणाला.

मी टेबलावरून मान वर केली. बाबा गेल्यापासून दुकानातलं दुरुस्तीचं टेबल माझं. समोर एक लेन्स उघडी पडली होती, तिचे सात स्क्रू बशीत होते. स्टुलावर एक उंच माणूस अंग चोरून बसला होता. बोटांना काळं तेल. गळ्यात एक छोटा डिजिटल कॅमेरा – खिशात मावणारा, आता कुणी विकत घेत नाही तसला.

आई फ्लॅश देणार, एवढ्यात त्याने खिडकीतून मनोऱ्याकडे बघितलं. बघताना त्याचा चेहरा असा काही मऊ झाला, की आईने तेवढ्यात फोटो काढून टाकला.

"बघा," ती म्हणाली, "हसणार होतात की नाही?"

तो मनोऱ्याचा घड्याळवाला होता. त्याच्या मामांनी ते घड्याळ तीस वर्षं सांभाळलं होतं, मामांनंतर त्याने सहा. दुखणं असं, की रोज पावणेतीनच्या सुमारास घड्याळ चार मिनिटं मागे पडायचं. रोज. चार वाजता तो ते पुढे करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. समितीच्या इंजिनिअरांचं म्हणणं, उन्हाने यंत्र तापतं, जुनं झालंय. शुक्रवारी साडेतीनला समितीची बैठक होती. तोवर कारण सापडलं नाही तर जुनं यंत्र उतरवायचं, विजेवरचं बसवायचं, आणि त्याने दूरच्या कुठल्याशा डेपोत पाण्याचे मीटर दुरुस्त करायचे.

"उन्हाने काही सेकंद फरक पडेल," तो म्हणाला. "चार मिनिटं नाही. आत बसलो की स्पष्ट जाणवतं... कुणीतरी मागून गच्च धरून ठेवल्यासारखं. पण तबकड्या बाहेर. मला दोन ते चार आत बसून नोंदी करायचा हुकूम आहे. बाहेर काय होतं ते बघणार कोण?"

"हा," मी त्याच्या गळ्याकडे बोट केलं. स्क्रूड्रायव्हर तोंडात होता, त्यामुळे ते 'हँ' असं आलं.

"हा ऑफिसचा. दर दहा सेकंदांनी एक फोटो काढता येईल का, म्हणून कंपनीला विचारलं होतं." त्याने घडी घातलेलं पत्र टेबलावर ठेवलं. "नाही येत म्हणे त्याला."

मी पत्र वाचलं. स्क्रूड्रायव्हर काढून ठेवला. अशा पत्रांचा मला मनापासून राग येतो.

"येतं त्याला," मी म्हटलं. "त्याच्या मेनूत नाहीये, एवढंच."

.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण यातलं मला अजूनही नवल वाटतं.

कॅमेऱ्याच्या आत एक प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. कॅमेऱ्याने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे तो ठरवतो. महागड्या कॅमेऱ्यात आणि या चिमुकल्यात पुष्कळदा मेंदू जवळपास सारखाच असतो. स्वस्तातल्याला काही गोष्टी सांगितलेल्याच नसतात. मग जगात कुठे कुठे बसलेल्या काही माणसांनी – पगार नाही, ओळख नाही – संध्याकाळच्या संध्याकाळ खर्चून या कॅमेऱ्यांची आतली भाषा शिकून घेतली. आणि एक दुसरं फर्मवेअर लिहिलं. ते कॅमेऱ्यात घुसत नाही, मूळचं पुसत नाही. कार्डावर राहतं, कॅमेरा सुरू झाला की मूळच्याच्या शेजारी येऊन बसतं, आणि हळूच म्हणतं, अरे, तुला हेही येतं.

कार्ड काढलं की कॅमेरा पुन्हा पहिल्यासारखा. ओरखडासुद्धा नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो टेबलावर कोपरं टेकून ऐकत होता. घड्याळवाले फार चांगलं ऐकतात. मी पडद्यावर नवा मेनू उघडून दाखवला – बॅटरी किती टक्के उरली, दहा सेकंदांनी फोटो, पडदा बंद ठेवून फोटो, समोर काही हललं तर फोटो...

"हे आधीपासून येत होतं याला?"

"आधीपासून."

"आणि इतकी वर्षं गप्प बसला होता?"

"कुणी विचारलं नाही."

तो कॅमेऱ्याकडे बघत होता, असं मला वाटलं. आई नंतर म्हणाली, कॅमेऱ्याकडे नव्हता बघत. पण आईला चष्मा लागलाय.

.

एकच यंत्र, चार तबकड्या, चार दिवस. सोमवार उत्तर, मंगळवार पश्चिम, बुधवार दक्षिण, गुरुवार पूर्व.

उत्तरेची तबकडी शिंप्याच्या खिडकीतून दिसायची. मी क्लॅम्प घेऊन गेले, तो कार्ड घेऊन आला. मी लेन्ससमोर उभी राहून स्क्रू आवळत होते, तो मागे.

"दाबू?"

"हँ."

त्याने बटण दाबलं. एकदा दाबलं की पुढचं सगळं कॅमेरा बघणार होता. मी बाजूला झाले आणि तो मनोऱ्याकडे पळाला, दोनला दहा कमी होती.

संध्याकाळी दुकानात आला तो पडलेल्या चेहऱ्याने. कार्डावर काही नव्हतं.

"काहीच नाही?"

"काहीच."

मी कार्ड हातात घेतलं. खटका वर होता. उघडा.

"हा तुम्ही सरकवलात?"

"हो." तो जरा संकोचला. "बंद होता. कुलूप असलं तर फोटो कसे साठणार? तुम्ही घाईत विसरला असाल, म्हणून मी..."

"म्हणून तुम्ही मला न दुखावता गुपचूप दुरुस्त केलंत."

"...हो."

आता याच्यावर चिडायचं तरी कसं? कुणाही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. कुलूप असलं तरच या कॅमेऱ्याला कार्डावरून सुरू व्हायला सुचतं – कंपनीनेच कधीतरी आपल्या कामासाठी ठेवलेली ती मागची वाट आहे. खटका उघडला की तो नुसता साधा कॅमेरा. साध्या कॅमेऱ्याने साधं काम केलं: एक फोटो काढला आणि झोपला. आणि सगळं समजावून सांगणाऱ्या मी हे एवढंच सांगितलं नव्हतं.

"चूक माझी," मी म्हटलं. "बंद असलं की उघडतं हे, आणि फोटोही साठतात. लक्षात ठेवा."

"विचित्र आहे."

"आहेच." मग माझं लक्ष आकड्याकडे गेलं. "थांबा. पुढच्या फोटोचा क्रमांक दोन दाखवतोय. एक फोटो निघालाय. तो कुठाय?"

"तो..." त्याने बोटांवरचं तेल पुसायला सुरुवात केली. ते निघणारं तेल नव्हतं. "तो चुकून निघाला. पुसला."

आईने पडद्यामागून खोकून दाखवलं. तिला खोकला नव्हता.

.

मंगळवार. सातशे वीस फोटो.

आम्ही दोघं टेबलाशी बसून ते एकेक पुढे नेत होतो. पडदा काडेपेटीएवढा, त्यामुळे डोकी जवळ आणावी लागत होती. – लागतच होती, कारण दुकानातला संगणक बंद पडला होता. (नव्हता पडला. आईने त्याची वायर काढून झाडू मारला आणि परत लावायची ती विसरली.)

पश्चिमेच्या तबकडीवर काहीच घडत नव्हतं. काटा चढत होता. समोरच्या गच्चीवर एक चादर वाळत होती. ढग यायचे, जायचे. दोन पंचेचाळीसला काटा आडवा झाला आणि... थबकला. दहा सेकंद. वीस. मिनिट. चादर हलत होती, ढग सरकत होता, काटा तिथेच.

"बघा," तो कुजबुजला. दुसऱ्याच्या घरात झोपलेलं मूल दाखवावं तसा. "मी सहा वर्षं हे नुसतं ऐकत आलोय. आज दिसलं."

"काय ऐकू येतं?"

"आवाज जड होतो. एरवी टक... टक... असा, चालणाऱ्या माणसासारखा. तेव्हा जिना चढणाऱ्यासारखा." मग म्हणाला, "तुमच्या टेबलावरच्या त्या घड्याळात तेल कमी आहे. मघापासून सांगेन म्हणतोय."

मी ते घड्याळ उचलून कानाला लावलं. मला काही ऐकू आलं नाही. त्याने ते घेतलं, उघडलं, माझ्याच बशीतली सुई घेऊन एक थेंब सोडला, इतका छोटा की थेंब म्हणायलाही संकोच वाटावा. परत दिलं. आवाज खरंच बदलला होता.

मला लेन्सेस जोडता येतात, बंद पडलेले फ्लॅश पेटवता येतात. पण एखाद्या माणसाने इतक्या हलक्या हाताने काही करावं आणि नंतर त्याबद्दल बोलूही नये, हे मी आधी पाहिलं नव्हतं.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"बरं," मी म्हटलं. स्क्रूड्रायव्हर तोंडात घालायला बरा असतो अशा वेळी.

.

बुधवार, दक्षिण: काटा थबकला. कारण दिसलं नाही. सातशे वीस फोटो, एक पतंग, एक विमान.

.

गुरुवारी ढग आले.

पूर्वेच्या तबकडीसमोर घरं नाहीत. खाली शाळेचं मैदान आणि गोदामाची पत्र्याची छपरं. ती फक्त आमच्याच गच्चीवरून नीट दिसते. मी कॅमेरा पाण्याच्या टाकीला बांधला. तो वर बघत राहिला.

"आज काही होणार नाही," तो म्हणाला. "ढग असले की घड्याळ वेळेवर चालतं."

"हे तुम्ही मला आज सांगताय?"

"समितीला सांगितलं होतं. ते म्हणाले, बघा, म्हणजे उन्हानेच होतं."

आणि खरंच, त्या दुपारी घड्याळ एक सेकंदही चुकलं नाही. सातशे वीस फोटो, काटा शहाण्यासारखा चढत गेलेला. सगळ्यात चांगला दिवस, आणि आमच्या काही उपयोगाचा नाही.

संध्याकाळी तो पासपोर्ट फोटो न्यायला आला. आईने पाकीट दिलं.

"फोटो चांगला आलाय," ती म्हणाली. "बदलीला वाया घालवू नका."

त्याने पाकीट खिशात ठेवलं. दारापर्यंत गेला आणि वळला.

"उद्याही लावाल का... कॅमेरा? पूर्वेलाच."

"बैठक साडेतीनला. तुम्हाला बघायला वेळ कुठे मिळणार?"

"समितीसाठी नाही. शेवटचा दिवस आहे. कुणीतरी बघावं त्याच्याकडे. तुम्ही रात्री... नाही, शनिवारी, सावकाश बघा. सगळे बघा पण. एकही सोडू नका."

"मी कधीच सोडत नाही," मी म्हटलं. मग तो गेल्यावर आईला म्हटलं, "डेपो किती लांब आहे गं?"

"पाण्याचे मीटर सगळीकडेच असतात," आई म्हणाली. "तिकडच्या मीटरना काय सोनं लागलंय? बोलून टाक की."

"काय बोलू?"

"ते मी कसं सांगू? तुझ्या मेनूत असेल ते."

.

शुक्रवारी लख्ख ऊन.

पावणेदोनला मी खटका तपासला – बंद – आणि बटण दाबलं. दुकानात परत येऊन एकाच स्क्रूसाठी तीन स्क्रूड्रायव्हर बदलले.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी मला राहवलं नाही. गच्चीवर गेले, कॅमेरा सोडवला, उन्हात पडदा दिसेना म्हणून टॉवेल डोक्यावरून घेतला आणि त्या अंधारात दोन चाळीसपासून बघायला लागले.

दोन चाळीस. मनोऱ्याची सावली तबकडीवर उतरलेली. बाकी सगळे पत्रे उन्हाने पांढरे.

दोन एकेचाळीस. एक कबुतर.

दोन बेचाळीस. तीन.

दोन त्रेचाळीस. पाच कबुतरं, एका ओळीत, आडव्या होत आलेल्या मोठ्या काट्यावर – सावलीत, वाऱ्याला तोंड करून, अगदी बाकावर बसल्यासारखी. काटा वर चढायला बघत होता आणि पावणेदोन किलो कबुतरं त्याच्यावर बसून होती.

ढग असले तर पत्रे तापत नाहीत. पत्रे तापले नाहीत तर कबुतरांना सावली लागत नाही. आणि चारेक मिनिटांत शाळेचा शेवटचा तास मैदानात भरतो, आरडाओरडा होतो, कबुतरं उठतात.

मी टॉवेलसकट पळाले.

.

मनोऱ्याच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये समितीचे पाच जण बसले होते. मधोमध अध्यक्षबाई, बाजूला इंजिनिअरसाहेब. तो भिंतीपाशी उभा होता, हातात मामांच्या वेळची नोंदवही.

"कबुतरं," मी म्हटलं. दम लागला होता, त्यामुळे एवढंच आलं.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"समोरच्या फोटोच्या दुकानातली. कबुतरं बसतात. काट्यावर. पूर्वेच्या. बघा."

कारकुनाने कॅमेरा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडून दिला. काटा, सावली, पाच कबुतरं. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो टीव्हीकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आनंदाने माणसं पांढरी पडत नाहीत. मला कळेना.

"एवढ्यानेच थांबतं कशावरून?" साहेब म्हणाले. "पुढे न्या. कबुतरं उठली की काटा सुटतो का, ते बघू."

"नको," तो भिंतीपाशी म्हणाला. "म्हणजे... एवढं पुरेसं आहे, साहेब."

"पुरेसं कसं? पुढे न्या हो."

मी पुढे नेत गेले. दोन चव्वेचाळीस. कबुतरं. दोन पंचेचाळीस. कबुतरं, त्यातलं एक झोपलेलं. दोन सत्तेचाळीस – तबकडीतली तेल घालायची, दोन बोटांएवढी झडप उघडली, कबुतरं फडफडून उठली, आणि पुढच्याच फोटोत काटा सुटलेला, वर निघालेला.

"सिद्ध झालं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता, पण म्हणाले खरं. "पण ही झडप कोणी उघडली?"

मी पुढचं बटण आधीच दाबलं होतं.

झडपेतून तेलाने काळी झालेली दोन बोटं बाहेर आली होती. त्यांत एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर नोंदवहीतल्यासारखं गोल, नेटकं अक्षर.

अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचलं, कारण समोर आलेला कागद मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती:

"'घड्याळ राहिलं नाही तरी... पावणेतीनला दुकानात येत जाऊ का?'"

पुढच्या दहा सेकंदांचा फोटो: तोच पुठ्ठा. त्याच्या पुढचा: तोच. दोन मिनिटं धरून ठेवला होता त्याने. बारा फोटो. मी एकही सोडला नाही.

"हे समितीला उद्देशून आहे का?" कारकुनाने विचारलं.

"गप्प बसा हो," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तो नोंदवहीकडे बघत होता. कान लाल. "शनिवारी बघाल असं म्हटलं होतं मी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

माझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. पण तोंडात घालून हे बोलता आलं नसतं.

"पावणेतीनला नको," मी म्हटलं. "पावणेतीनला तू वर लागशील, कबुतरं हाकलायला." पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं, तेही पाच माणसांसमोर. "साडेचारला ये. घड्याळ मिळवून झालं की."

तेव्हा त्याने वर बघितलं. पासपोर्ट फोटोतला तोच चेहरा – पण या वेळी हसणार होता असं नाही, हसलाच.

"नोंद करा," अध्यक्षबाई कारकुनाला म्हणाल्या. "यंत्र राहील. काट्यांवर तारेची टोकं बसवावीत, पक्षी बसणार नाहीत अशी. बदलीचा अर्ज परत." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "आणि या कॅमेऱ्याला हे सगळं येतं, हे आम्हाला कसं माहीत नव्हतं?"

दारात आई उभी होती, दुकान उघडं टाकून आलेली, हातात माझ्या चपला. मी अनवाणीच पळाले होते.

"कुणी विचारलं नाही," आई म्हणाली.

.

सोमवारी शिंप्याच्या खिडकीत निघालेला तो एक फोटो त्याने पुसला नव्हता, दुसऱ्या कार्डावर हलवून ठेवला होता. त्यात घड्याळ नाही. तोंडात स्क्रूड्रायव्हर धरलेली मी आहे.